जॉन वेस्ली आणि माघारीं बोललेली गोष्ट

रविवारची उपासना आटोपली, मंडळी बाहेर पडली, आणि चार माणसें चिंचेच्या सावलींत थांबलीं, म्हणजे बोलणें कोठें वळतें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पीकपाणी झालें, बाजारभाव झाला, मुलांचीं दुखणींखुपणीं झालीं, कीं हळूच कोणाच्या तरी घरची गोष्ट निघते. अमक्याचें बायकोशीं पटत नाहीं. तमकीचा मुलगा रात्रीं उशिरां घरीं येतो. उपदेशकाच्या घरीं महिना संपण्याआधींच उसनें आणावें लागतें. कोणीं हटकलें तर उत्तर तयार असतें कीं, आम्ही खोटें थोडेंच सांगतों. जें घडलें तेंच सांगतों, आणि खरें सांगण्यांत पाप कसलें.

हें उत्तर एकदम झिडकारून टाकतां येत नाहीं, कारण दुसरी बाजूही आहे. शेजारच्या घरांत रोज मारहाण होत असतां ती त्यांची खाजगी बाब आहे असें म्हणून आपण दार लावून बसलों, तर तें सौजन्य नव्हे, भ्याडपणा होय. तेव्हां दुसऱ्याच्या खाजगी आयुष्याविषयीं बोलणें केव्हां चहाडी ठरतें आणि केव्हां कर्तव्य ठरतें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्याचें उत्तर आज एका मनुष्याच्या चरित्रांतून शोधूं. हा मनुष्य म्हणजे जॉन वेस्ली. १८७१ सालीं विल्यम टेलर ह्यांनीं मुंबईंत येऊन ज्या मेथोडिस्ट कार्यास आरंभ केला, त्याचें मूळ ह्याच पुरुषाच्या कार्यांत आहे. लोकांच्या जिभेपासून ह्यांस फार सोसावें लागलें, आणि जिभेच्या पापाचा विचारही ह्यांनीं फार खोल केला.

एपवर्थचें घर

जॉन वेस्ली ह्यांचा जन्म १७०३ सालच्या जून महिन्यांत इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत, एपवर्थ ह्या गांवीं झाला. वडील सॅम्युएल वेस्ली हे तेथील पाळक. आईचें नांव सुसाना. ह्या दांपत्यास एकोणीस मुलें झालीं; त्यांपैकीं बरींच तान्हेपणींच वारलीं. घरांत विद्या भरपूर, पण पैसा तुटपुंजा. १७०५ सालीं वडिलांस कर्जापायीं तुरुंगही पाहावा लागला. १७०९ च्या फेब्रुवारींत एके रात्रीं घरास आग लागली. सर्वजण बाहेर पडले, पण पांच वर्षांचा जॉन माडीवरच राहिला. शेजाऱ्यांपैकीं एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर चढला, व त्यानें मुलास खिडकींतून बाहेर ओढून घेतलें. लागलीच छप्पर खालीं कोसळलें.

खेड्यांत पाळकाच्या घरास भिंती असून नसल्यासारख्याच. १७११-१२ च्या हिवाळ्यांत वडील धर्मसभेच्या कामासाठीं लंडनास गेले होते. त्या दिवसांत सुसानाबाई रविवारीं संध्याकाळीं स्वयंपाकघरांत मुलांस व नोकरांस जमवून प्रार्थना करीत व एखादा छापील उपदेश वाचून दाखवीत. हें ऐकून शेजारी येऊं लागले, आणि पाहतां पाहतां दोनशेंपर्यंत माणसें जमूं लागलीं. वडिलांच्या जागीं काम पाहणाऱ्या दुय्यम पाळकास हें रुचलें नाहीं. त्यानें लंडनास पत्र लिहून सुसानाबाईंच्या पतीकडे तक्रार केली. सॅम्युएल ह्यांनीं हें काय चाललें आहे असें पत्नीसच लिहून विचारलें. सुसानाबाईंनीं घडलें तें सर्व सविस्तर कळविलें, आणि ह्या सभा बंद व्हाव्या असें वाटत असल्यास नुसती इच्छा न दर्शवितां स्पष्ट आज्ञा करावी, अशी पतीस विनंति केली. तशी आज्ञा आली नाहीं, व सभा चालू राहिल्या.

जॉन त्या वेळीं आठ वर्षांचा होता. आलेल्या तक्रारीवरच निकाल न देतां, जिच्याविषयीं तक्रार तिलाच विचारावें, एवढें साधें शहाणपण त्याच्या वडिलांनीं दाखविलें. त्यामुळें एका घराची शांति राहिली, व पुष्कळ लोकांचा लाभ झाला.

अफवेचे पहिले धडे

१७२० सालीं जॉन ऑक्सफर्ड येथें शिकावयास गेले, १७२६ सालीं तेथील लिंकन कॉलेजचे फेलो झाले, व १७२८ सालीं त्यांस पाळकपदाची पूर्ण दीक्षा मिळाली. त्यांचा धाकटा भाऊ चार्ल्स व कांहीं मित्र मिळून नेमानें शास्त्राभ्यास, प्रार्थना व उपास करीत, तुरुंगांतील कैद्यांस भेटत, आणि गरिबांस मदत करीत. लोकांनीं टवाळीनें त्यांस मेथोडिस्ट, म्हणजे पद्धतीचीं माणसें, असें नांव ठेविलें.

ह्या मित्रांपैकीं विल्यम मॉर्गन नांवाचा तरुण १७३२ सालीं आजारानें वारला. तोंच गांवभर बोलवा उठली कीं, वेस्ली बंधूंनीं त्यास उपास करावयास लावून मारलें. जॉन वेस्ली ह्यांनीं बोलणाऱ्यांशीं वाद घातला नाहीं. ते थेट मृताच्या वडिलांस लिहावयास बसले. आपली मंडळी काय करीत असे, कोणत्या हेतूनें करीत असे, आणि त्या तरुणानें मृत्यूच्या कितीतरी आधींच उपास कसे सोडले होते, हें सर्व त्यांनीं न लपवितां मांडलें. दुःखी पित्याचें समाधान झालें. इतकेंच नव्हे, तर पुढच्या वर्षीं त्यांनीं आपला दुसरा मुलगा ऑक्सफर्डास वेस्लींच्याच हाताखालीं शिकावयास पाठविला.

पण सर्वच अफवा इतक्या लवकर विझत नाहींत. १७३५ च्या अखेरीस दोघे भाऊ अमेरिकेंतील जॉर्जिया ह्या नव्या वसाहतींत कामास निघाले, व १७३६ च्या आरंभीं तेथें पोंचले. चार्ल्स हे वसाहतीचे प्रमुख जनरल ओगलथॉर्प ह्यांचे चिटणीस होते, व फ्रेडरिका येथें पाळकाचें कामही करीत. तेथें दोन स्त्रियांनीं एक विलक्षण उद्योग केला. आपला ओगलथॉर्पशीं अनीतीचा संबंध आहे असें त्यांनीं चार्ल्स ह्यांच्या कानांत सांगितलें. आणि उलट, चार्ल्स तुमच्याविषयीं अशी घाण पसरवीत आहेत असें ओगलथॉर्प ह्यांस सांगितलें. दोघेही पुरुष निर्दोष होते, पण दोघांचींही मनें विटलीं. चार्ल्स ह्यांच्याशीं कोणी बोलेना, त्यांस झोपावयास धड खाटही मिळेना. जमिनीवर निजून ते तापानें अंथरुणास खिळले. शेवटीं जॉन तेथें आले, मोकळेपणीं बोलणें झालें, व ओगलथॉर्प ह्यांस खरें काय तें कळलें. हें बोलणें पहिल्याच दिवशीं झालें असतें, तर त्या आठवड्यांचें दुःख टळलें असतें.

सव्हानाचा प्रसंग

आतां ज्या गोष्टींत स्वतः जॉन वेस्ली ह्यांचें पाऊल चुकलें, ती सांगितली पाहिजे; ती गाळली तर हें चरित्र नव्हे, स्तुति होईल. सव्हाना गांवच्या मुख्य न्यायाधिकाऱ्याची नातलग सोफिया हॉपकी नांवाची एक तरुणी वेस्लींकडे शिकावयास येत असे. दोघांचें मन एकमेकांकडे ओढलें गेलें. पण लग्न करावें कीं करूं नये, ह्याविषयीं वेस्ली महिनोन्‌महिने निश्चय करूं शकले नाहींत. तिनें वाट पाहिली, आणि १७३७ च्या मार्च महिन्यांत दुसऱ्याशीं लग्न केलें. वेस्लींच्या काळजास ही जखम खोल लागली.

कांहीं महिन्यांनीं त्यांनीं तिच्या वागण्यांतील कांहीं दोष तिला एकांतीं दाखविले. तिला राग आला. ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं मंडळीसमक्ष तिला प्रभुभोजन देण्याचें नाकारलें. त्यांच्या मतें ही मंडळीच्या शिस्तीची बाब होती. पण नाकारणारा कोण, व जिला नाकारलें ती कोण, हें सारा गांव जाणत होता. म्हणून ज्याला जें सुचलें तें तो बोलूं लागला. तिच्या नवऱ्यानें अब्रूनुकसानीचा एक हजार पौंडांचा दावा केला. चव्वेचाळीस पंचांपुढें दहा आरोप ठेवण्यांत आले. खटल्याचा निकाल लागेना, आणि डिसेंबरांत वेस्ली वसाहत सोडून निघून गेले.

त्यांचा हेतु शुद्ध होता असें धरलें, तरी एक गोष्ट उरते. ज्या गोष्टींत आपलें स्वतःचें मन गुंतलें आहे, तींत न्यायाधीशाचें काम आपण करूं नये. तें दुसऱ्या समतोल मनुष्याकडे सोंपवावें. पंचायतींत बसणाऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये. नियम बरोबर असतो, पण तो लावणाऱ्याच्या मनांत जुनी जखम असते, आणि मग शिस्तीचा सूड होतो. निदान लोकांस तो तसा दिसतो.

समोरासमोर

इंग्लंडास परत आल्यावर १७३८ च्या २४ मे रोजीं लंडन येथील ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा सभेंत वेस्लींच्या अंतःकरणांत मोठा पालट झाला, व त्यांस आपल्या तारणाची खात्री लाभली. पुढच्या वर्षीं ब्रिस्टलजवळ त्यांनीं उघड्या मैदानांत उपदेशास आरंभ केला. कोळशाच्या खाणींतील मजूर, विणकर, कष्टकरी बायामाणसें हजारोंनीं जमूं लागलीं.

१७४२ सालीं ब्रिस्टल येथील सभागृहाचें कर्ज फेडण्याचा प्रश्न निघाला. प्रत्येक सभासदानें दर आठवड्यास एक पेनी द्यावी, आणि सुमारें बारा जणांमागें एक पुढारी नेमून त्यानें ती गोळा करावी असें ठरलें. पुढारी घरोघर जाऊं लागले, तेव्हां त्यांच्या दृष्टीस पेनीखेरीज आणखीही कांहीं पडलें: अमका घरांत नीट वागत नाहीं, तमक्याचें दारूचें व्यसन सुटलेलें नाहीं. ह्याच व्यवस्थेंतून सभासदांच्या आत्मिक काळजीचे वर्ग निर्माण झाले. परंतु घरोघर फिरून चौकशी करण्यांत अडचणी दिसून आल्या, म्हणून सर्वांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र जमावें असें ठरलें. शेजाऱ्यापाजाऱ्यांत व नातलगांत लहानसहान गैरसमज झाले असले, तर ते सर्व एके ठिकाणीं समोरासमोर आल्यानें मिटतात, असा वेस्लींचा अनुभव होता.

ह्यावरून एक मोठी गोष्ट लक्षांत येते. मनुष्याच्या खाजगी आयुष्याविषयीं मुळीं बोलूंच नये, असें वेस्लींचें मत नव्हतें. त्यांच्या वर्गांत तर राग, लोभ, व्यसन, घरचें वागणें ह्यांविषयीं स्पष्ट बोलणें होई. पण तें त्या मनुष्याच्या देखत होई, त्याच्या संमतीनें होई, व त्याच्या हितासाठीं होई. १७४४ सालीं त्यांनीं ह्या लहान संघांस जे नियम घालून दिले, त्यांत कोणाचाही दोष त्याच्या माघारीं बोलूं नये, आणि जे बोलतील त्यांस तेथल्या तेथें थांबवावें, असा एक नियम होता. तीच गोष्ट समोर सांगितली तर औषध, आणि माघारीं सांगितली तर विष, असा हा भेद आहे.

हा नियम केवळ कागदावर नव्हता. १७४३ च्या मार्च महिन्यांत न्यूकॅसल येथें वेस्लींनीं मंडळीची तपासणी करून चौसष्ट जणांस काढून टाकिलें, व त्यांचीं कारणें आपल्या रोजनिशींत नोंदून ठेविलीं. सतरा जण दारूबाजीसाठीं, तिघे भांडणासाठीं, तिघे वारंवार खोटें बोलण्यासाठीं, एकोणतीस जण बेफिकीर वर्तनासाठीं, अशी ती यादी आहे. तींत चार जण शिवीगाळ व परनिंदा ह्यांसाठीं काढलेले आहेत. आणि एकजण बायकोस मारण्यासाठीं. हीं दोन्ही कारणें एकाच यादींत आहेत, हें नीट ध्यानांत घ्यावें. दुसऱ्याच्या घरची गोष्ट चघळणारा तेथें दोषी ठरला, आणि घरची गोष्ट म्हणून बायकोस मारणाराही सुटला नाहीं. गोष्ट घरांतली आहे एवढ्यावरून ती झांकावी असें ठरत नाहीं. आणि ती खरी आहे एवढ्यावरून ती उघडी करावी असेंही ठरत नाहीं.

सहा कलमांचा करार

१७४९ सालीं वेस्लींवर दुसरा घाव पडला. न्यूकॅसल येथें गृहव्यवस्था पाहणारी ग्रेस मरे नांवाची एक विधवा सेविका होती. तिच्याशीं लग्न करावें असें त्यांनीं मनांत योजिलें, व तसें तिच्याशीं बोलणेंही झालें होतें; पण तिनें जॉन बेनेट नांवाच्या दुसऱ्या एका उपदेशकासही वचन दिलें होतें. ह्या लग्नानें मंडळींत लोकापवाद माजेल व सर्व कार्य मोडेल, असें चार्ल्स वेस्लींस वाटलें. त्यांनीं भावाशीं बोलून निर्णय होण्याची वाट पाहिली नाहीं. ते घाईघाईनें निघाले, आणि ऑक्टोबर महिन्यांत तिचें लग्न बेनेटशीं लावून दिलें. लोक काय म्हणतील ह्या भीतीनें सख्ख्या भावाची गांठ न घेतां केलेलें हें काम. लीड्स येथें दोघे भाऊ भेटले, तेव्हां बोलणें कठोर झालें, अश्रु वाहिले, आणि शेवटीं त्यांनीं एकमेकांस मिठी मारली. परंतु पूर्वीचा मोकळेपणा पूर्णपणें परत आला नाहीं.

ह्यानंतर थोड्याच काळानें, १७५२ च्या जानेवारींत, दोघां भावांनीं व त्यांच्या कित्येक सहकाऱ्यांनीं एका करारावर सह्या केल्या. त्याचा आशय असा. आम्ही एकमेकांविषयीं वाईट गोष्ट ऐकून घेणार नाहीं व मुद्दाम चौकशीही करणार नाहीं. ऐकूं आलीच, तर ती खरी मानण्याची घाई करणार नाहीं. ऐकलेली गोष्ट शक्य तितक्या लवकर, ज्याच्याविषयीं ती आहे त्यास तोंडीं किंवा पत्रानें कळवूं. तसें करीपर्यंत दुसऱ्या कोणासही तींतलें एक अक्षर सांगणार नाहीं. तसें केल्यावरही दुसऱ्या कोणापाशीं तिचा उच्चार करणार नाहीं. आणि आपल्या मनोदेवतेनें अगदींच भाग पाडल्यावांचून ह्या नियमांस अपवाद करणार नाहीं. मंडळीच्या कोणत्याही पंचास किंवा सेवकमंडळास आजही हा करार जसाच्या तसा पत्करतां येण्याजोगा आहे.

१७६० सालीं छापलेल्या एका उपदेशांत वेस्लींनीं हाच विषय विस्तारानें मांडला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांतील, अपराधी भावाशीं कसें वागावें ह्याविषयींचें प्रभूचें शिक्षण, हा त्याचा आधार. परनिंदा म्हणजे काय, हें ते प्रथम सांगतात. जी गोष्ट खोटी ती तर बदनामी, व तें निराळेंच पाप. परंतु गैरहजर मनुष्याविषयीं वाईट बोलणें हें, गोष्ट अक्षरशः खरी असली, तरीही परनिंदाच होय. आरंभीं चिंचेखालीं जें उत्तर आपण ऐकलें, त्याचा येथें निकाल लागतो. मग हें पाप इतकें साधारण कां? कारण तें सोज्वळ वेष घेऊन येतें. आपणांस वाटतें कीं आपण पापाविषयींच्या संतापानें बोलत आहों. आणि पापाचा द्वेष करतां करतां आपण पापच करतों.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे. प्रथम स्वतः त्याच्याकडे एकट्यानें जावें, आणि नम्रतेनें व प्रीतीनें बोलावें. जातां येत नसेल तर विश्वासू मित्रास पाठवावें किंवा पत्र लिहावें. त्यानें न ऐकल्यास एकदोघां समंजस माणसांस बरोबर न्यावें. तरीही न ऐकल्यास मंडळीच्या वडिलांस कळवावें, आणि मग आपलें काम संपलें असें समजून स्वस्थ राहावें. ह्या पायऱ्यांचा क्रम उलटा करणें, हीच आपली नेहमींची चूक. आधीं सर्व गांवास कळतें, मग वडिलांस कळतें, आणि ज्याची गोष्ट त्यास सर्वांच्या शेवटीं.

ह्यास एकच अपवाद वेस्लींनीं मानिला आहे. निरपराध्याचें रक्षण करण्यास दुसरा उपायच नसेल, तर अपराध्याविषयीं त्याच्या माघारीं बोलावें लागतें. पण तेंही ज्यास सांगणें अवश्य आहे त्यासच, व जितकें सांगणें अवश्य आहे तितकेंच. वैद्य विषारी औषध मोजून देतो तसें. आणि आणखी एक: ऐकणारे नसतील तर निंदा करणारेही राहणार नाहींत. चोरीचा माल घेणारा जसा चोराचा भागीदार, तसाच कान देणारा निंदकाचा.

स्वतःच्या घरांतील दुःख

हा उपदेश करणाऱ्याचें स्वतःचें घर सुखाचें नव्हतें. १७५१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मेरी व्हाझील नांवाच्या, लंडन येथील एका व्यापाऱ्याच्या विधवेशीं लग्न केलें होतें. तिला पहिल्या पतीपासून झालेलीं चार मुलें होतीं. लग्नानें आपला एक उपदेश किंवा एक मैल प्रवास कमी व्हावयाचा नाहीं, हें त्यांनीं आधींच ठरवून घेतलें होतें. पहिल्या कांहीं वर्षांत तीही त्यांच्याबरोबर वाईट रस्त्यांनीं, पावसापाण्यांत, दंगेखोर जमावांतून हिंडली. पण तें फार दिवस चाललें नाहीं. ती घरीं राहूं लागली, आणि ते वर्षाचा बहुतेक काळ बाहेर असत.

वेस्ली अनेक स्त्रीसेविकांस आत्मिक विषयांवर पत्रें लिहीत. त्या पत्रांची भाषा कधीं कधीं फार जिव्हाळ्याची असे. पत्नीच्या मनांत संशय शिरला. ती त्यांचीं पत्रें उघडून वाचूं लागली. १७५८ सालीं त्यांच्या खिशांत सांपडलेल्या एका पत्रावरून ती घर सोडून गेली. पुढें परत आली. १७७१ च्या जानेवारींत ती पुन्हां निघून गेली. आपण तिला टाकिलें नाहीं, घालवून दिलें नाहीं, आणि परत बोलावणारही नाहीं, अशा अर्थाची त्या दिवसाची त्यांची नोंद आहे. कांहीं काळ पुन्हां एकत्र राहून शेवटीं तीं कायमचीं विभक्त झालीं.

पुढें तिनें कांहीं पत्रें, त्यांतील अर्थ बदलून, वेस्लींच्या धार्मिक विरोधकांच्या हातीं दिलीं, आणि तीं वर्तमानपत्रांत छापण्याची तयारी चालली. ही हकिकत चार्ल्स वेस्लींच्या मुलीनें मागाहून सांगितली आहे. त्या वेळीं जॉन वेस्ली ह्याच पुतणीस कॅंटरबरी येथें नेण्याचें वचन देऊन बसले होते. चार्ल्स घाबरून धांवत आले, आणि प्रवास रद्द करून आधीं अब्रू सांभाळावी अशी त्यांनीं विनंति केली. जॉन वेस्लींनीं ऐकलें नाहीं. आपलें सुख, आपला वेळ व आपला जीव देवास वाहतांना आपण अब्रू तेवढी मागें राखून ठेविली नव्हती, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं ठरल्याप्रमाणें मुलीस घेऊन ते निघाले. लोकांच्या बोलण्याचा पाठलाग करण्यापेक्षां एका मुलीस दिलेलें वचन त्यांस मोठें वाटलें.

मेरीबाई १७८१ च्या ऑक्टोबर महिन्यांत वारल्या. त्यांचें दफन झालें त्या संध्याकाळीं वेस्ली लंडनांतच होते. पण दफन झाल्याचें त्यांस एकदोन दिवसांनीं कळलें. दोन मनुष्यांच्या वियोगाची ह्याहून दुःखद खूण दुसरी कोणती असेल?

मेलेल्यांविषयीं बोलणें

१७९१ च्या मार्च महिन्याच्या २ तारखेस, वयाच्या सत्याऐंशींव्या वर्षीं, जॉन वेस्ली लंडन येथें निवर्तले. त्याच वर्षापासून त्यांचीं चरित्रें निघूं लागलीं. ग्रेस मरेच्या प्रकरणाविषयीं त्यांनीं स्वतः लिहून ठेविलेली खाजगी हकिकत १८४८ सालीं छापून प्रसिद्ध झाली. त्यांच्या गुप्त लिपींतील रोजनिशीही विसाव्या शतकांत उलगडली गेली. तेव्हां वाचक विचारील कीं, तुम्ही आतां येथें त्यांच्या घरच्या गोष्टी सांगितल्या, ही परनिंदा नव्हे काय.

हा प्रश्न रास्त आहे. मेलेल्या मनुष्याकडे एकट्यानें जाऊन विचारतां येत नाहीं, व तो उत्तरही देऊं शकत नाहीं. म्हणून त्याच्याविषयीं बोलतांना अधिक जपावें लागतें, कमी नव्हे. ज्या मनुष्यानें हजारोंस मार्ग दाखविला, त्याच्या आयुष्यांतून शिकण्याचा हक्क पुढच्या पिढीस आहे. त्याच्या चुका लपवून त्यास देवदूत करणें हें असत्य होय. आणि ज्या उपदेशकाच्या घरीं आज दुःख आहे, त्यास त्यानें धीर मिळण्याऐवजीं निराशाच पदरीं येईल. पण चरित्र व चहाडी ह्यांत अंतर आहे. चरित्र कार्य समजावयास लागेल तेवढेंच सांगतें; चहाडी मजेसाठीं सांगते. चरित्र दोन्ही बाजू पाहतें. चहाडी एकच पाहते.

ह्या कसोटीस पुष्कळ चरित्रकार उतरले नाहींत. त्यांनीं मेरीबाईंस कजाग ठरविलें व हात झटकले. पति-पत्नींमधील एका प्रसंगाची एका मनुष्यानें सांगितलेली हकिकत पुस्तकांतून पुस्तकांत चालत आली. ती आम्हीं येथें मुद्दाम दिलेली नाहीं, कारण तिच्यावांचून कोणाचेंही कांहीं अडत नाहीं. मेरीबाईंनीं पत्रें विरोधकांस दिलीं, हा अपराध खराच. पण वर्षानुवर्षें एकटी राहिलेल्या, पतीचीं इतर स्त्रियांस गेलेलीं जिव्हाळ्याचीं पत्रें वाचलेल्या स्त्रीचें मन कसें पोळलें असेल, ह्याचाही विचार झाला पाहिजे. पत्नीची तक्रार मनावर घेऊन वेस्लींनीं तीं पत्रें आवरलीं असतीं, तर कदाचित्‌ त्या घराची कथा निराळी झाली असती. माघारीं न बोलण्याविषयीं त्यांनीं सर्व मंडळीस शिकविलें. पण घरांतल्या मनुष्याचें समोर बसून ऐकून घेणें त्यांस साधलें नाहीं. त्यांची शिकवण त्यांच्या आयुष्याहून मोठी होती, हें कबूल केल्यानें ती शिकवण लहान होत नाहीं.

आपल्यासाठीं

प्रिय वाचकहो, आपलीं गांवें लहान आहेत. शहरांत एका कानांतून निघालेली गोष्ट गर्दींत हरवते. खेड्यांत ती रोज पाणवठ्यावर भेटते, मुलाच्या सोयरिकीच्या वेळीं पुढें येते, आणि म्हातारपणापर्यंत मनुष्याची पाठ सोडीत नाहीं. म्हणून कोणाच्या घरची गोष्ट ओठांवर आली, कीं क्षणभर थांबून आपणच आपणांस तीन प्रश्न विचारावे. ज्याची ही गोष्ट आहे त्याच्याशीं मीं आधीं बोललों आहें काय? ज्यास मी सांगत आहें, त्याच्या हातून ह्या बाबतींत कांहीं उपाय होणार आहे काय? आणि मीं न सांगितल्यास कोणा निरपराध्याचें नुकसान होणार आहे काय? तिन्ही उत्तरें नकारार्थी असलीं, तर ती गोष्ट कितीही खरी असो, तिथेंच थांबावें.

पण तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी असेल, तर मात्र गप्प राहूं नये. एखाद्या घरांत बाईस मार बसत असेल, मुलाचे हाल होत असतील, मंडळीच्या पैशाची अफरातफर होत असेल, तर झांकली मूठ सव्वा लाखाची असें म्हणणें चुकीचें. तेथें योग्य मनुष्याकडे जाऊन स्पष्ट सांगावें. मग चिंचेखालीं मात्र सांगूं नये.

न्यूकॅसलच्या त्या यादींतील पांच नांवें आज कोणाच्याही ओठांवर नाहींत. चौघे निंदेसाठीं निघाले, एकजण बायकोच्या अंगावर हात टाकल्यासाठीं निघाला. त्यांचीं नांवें सांगण्याचें आपणांस कारण नाहीं. त्यांच्या दोषांपासून शिकण्याचें मात्र आहे. येत्या रविवारीं उपासनेनंतर कोणाची गोष्ट निघाली, तर ती पुढें न नेतां ज्याची त्याच्याकडे नेणारा एक जरी मनुष्य तेथें उभा असला, तरी पुष्कळ झालें.